हायवेला सीमा नसते, बसला असते: वाहतूक धोरण वळवायचं म्हणजे नेमकं काय?

बेळगावात गेली काही वर्षं दोन प्रकारच्या बातम्या आलटून पालटून येतात. एक जमिनीच्या: हलगा-मच्छे बायपास, शहराभोवतीचा रिंगरोड, उभ्या पिकात उतरलेले जेसीबी, शेतकऱ्यांचे मोर्चे, 'झिरो पॉइंट'वरून, म्हणजे रस्ता सुरू होण्याच्या जागेवरून, कोर्टात गेलेला वाद. दुसऱ्या गाड्यांच्या: सप्टेंबर 2024 मध्ये पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट 2025 मध्ये बेळगाव-बेंगळुरू. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात 802 किलोमीटरच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले, ते आपण पाहिलंच.

या गदारोळात एक वाक्य अधूनमधून कानावर पडतं: 'देशानं आता हायवेऐवजी शाश्वत वाहतुकीकडे वळलं पाहिजे.' ऐकायला बरं वाटतं. पण म्हणजे करायचं काय? पुणे-बेंगळुरू रस्ता बंद करायचा? ट्रक कुठून जाणार? आणि रोज सकाळी खानापूरहून बेळगावला कॉलेजसाठी येणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? मुळापासून बघू.

### शाश्वत वाहतूक म्हणजे काय?

जी वाहतूक माणसाला किंवा मालाला कमी जागेत, कमी इंधनात, कमी अपघातात पोहोचवते आणि पुढच्या पिढीलाही परवडते, तिला शाश्वत वाहतूक म्हणतात. व्यवहारात तिचे प्रकार चारच. रेल्वे, बस, सायकल आणि पायी चालणं.

रेल्वेचा फायदा भौतिकशास्त्राचा आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना होणारं घर्षण, रबरी टायर डांबरावर फिरताना होतं त्याच्या कित्येक पट कमी असतं. त्यामुळे तेवढाच माल ओढायला रेल्वेला फार कमी ताकद लागते. बसचा फायदा जागेचा. एका बसमध्ये पन्नास माणसं बसतात. तीच माणसं कारने निघाली आणि गाडीत सरासरी दोघं धरले, तर पंचवीस गाड्या झाल्या. गोगटे सर्कलला संध्याकाळी सहा वाजता त्या पंचवीस गाड्या उभ्या करून बघा, म्हणजे हिशेब कळेल.

हे आपल्या सरकारांना माहीत नाही असंही नाही. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्वच्छ म्हटलंय की हलवायची आहेत ती माणसं, वाहनं नव्हेत. आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा सुमारे 27 टक्क्यांवरून 2030 पर्यंत 45 टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला चार-पंचमांशाहून अधिक माल रेल्वेनेच जायचा. म्हणजे धोरण कागदावर कधीच वळलेलं आहे. पैसा मात्र त्या दिशेला पुरता वळलेला नाही.

### मग हायवेच का वाढत जातात?

2014 मध्ये देशात राष्ट्रीय महामार्गांची लांबी 91 हजार किलोमीटरच्या आसपास होती, आता ती 1 लाख 46 हजारांच्या घरात आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये मंजूर झालेल्या भारतमालाच्या पहिल्या टप्प्यातच 34,800 किलोमीटर आणि 5 लाख 35 हजार कोटी रुपये होते. एवढा जोर येतो कुठून?

लोक म्हणतात कंत्राटदारांमुळे. ते असेलही, पण खरं कारण जास्त कंटाळवाणं आहे. हायवेला स्वतःचं पैशाचं पाकीट आहे. पेट्रोल-डिझेलवर जो उपकर लागतो त्यातून केंद्राचा रस्ते निधी भरतो. वर टोल आहे: पुण्याकडे निघालात तर हत्तरगी आणि कोगनोळी, हुबळीकडे गेलात तर हिरेबागेवाडी, खानापूरकडे गणेबैल. टोल येणार हे ठरलेलं असल्यामुळे कर्जही मिळतं. आणि राष्ट्रीय महामार्ग हा घटनेनुसार केंद्राचा विषय. दिल्लीत ठरलं की रेषा आखली जाते.

बसचं उलट आहे. बस राज्याची. बेळगाव, चिकोडी, खानापूर या भागात ती वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची, म्हणजे हुबळीच्या ऑफिसची. बस विकत घ्यायला एखाद वेळी पैसे मिळतात. पण ती रोज चालवायला, डिझेलला, ड्रायव्हर-कंडक्टरच्या पगाराला, टायरला कायमचा पैसा ठेवलेला नसतो. विहीर खोदायला कर्ज मिळतं, पण पंपाच्या मोटारीचं लाइट बिल भरायला कोण देत नाही, तशातली गत. मग गावागावांत बंद पडलेल्या पंपांसारख्या डेपोत बसेस उभ्या दिसतात.

आकड्यात बघा. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात रस्ते मंत्रालयाला सुमारे 2 लाख 87 हजार कोटी होते आणि रेल्वेला सुमारे 2 लाख 52 हजार कोटी. म्हणजे रेल्वे उपाशी नाही, हे मान्य करायला पाहिजे. बसचं काय? ऑगस्ट 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर झाली. 10,000 इलेक्ट्रिक बस, त्यात केंद्राचा वाटा 20,000 कोटी, तोही दहा वर्षांच्या चालवण्यासाठी. रस्त्यांना एका वर्षात जे मिळतं त्याच्या चौदाव्या भागाएवढी रक्कम बसला दहा वर्षांत.

तरीही ही योजना मला महत्त्वाची वाटते, आणि त्याचं कारण बारीक अक्षरात दडलंय. यात केंद्र नुसती बस घेऊन देत नाही, बस जितकी धावेल तितके पैसे देतं: 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये. रोजच्या चालवण्याचा खर्च उचलायची ही पद्धत हायवेच्या पद्धतीपेक्षा पूर्ण वेगळी आहे. धोरण वळवणं म्हणतात ते हेच. अडचण एवढीच की योजना तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहर 4 लाख 88 हजारांचं होतं, म्हणजे निकषात बसतं. पण खानापूर, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी कुठेच बसत नाहीत. आणि ज्याला बसची खरी गरज आहे तो माणूस तिथेच राहतो.

### रस्ता रुंद केला तरी गर्दी का होते?

ही गोष्ट सगळ्यांना पटायला जड जाते. गर्दी आहे, रस्ता अरुंद आहे, रुंद करा, गर्दी संपेल. सरळ गणित.

पण रस्ता रुंद झाला की प्रवास काही महिने सोपा होतो. सोपा झाल्यामुळे जो माणूस आधी रेल्वेने जायचा तो गाडी काढतो. जो आठवड्यातून एकदा जायचा तो दोनदा जातो. बायपासच्या कडेला प्लॉट पडतात, लेआउट होतात, मंगल कार्यालयं येतात, तिथे राहायला गेलेल्यांना शहरात यायला गाडीच लागते. पाच-दहा वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. वाहतूक अभ्यासक याला प्रेरित मागणी म्हणतात: सोय झाल्यामुळे नव्याने तयार झालेली गर्दी. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत रुंदावून काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून 26 लेनचा केला. पुढच्या काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास आधीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला.

ह्यूस्टन लांब वाटत असेल तर बेळगावच्या टिळकवाडीत या. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. रेल्वे फाटक लागलं की रांग, म्हणून उड्डाणपूल मागितले. कपिलेश्वरला झाला, गोगटे सर्कलला नवा झाला, तिसऱ्या गेटला झाला. फाटकाची रांग गेली हे खरं, आणि हे पूल लागत होतेच. पण गर्दी गेली का? ती पुलावरून उतरून पुढच्या चौकात जाऊन उभी राहिली. आता शहराच्या मधून लांबलचक उड्डाणपुलाची चर्चा आहे. तो कुठे उतरणार आणि उतरल्यावर गाड्या कुठे जाणार, एवढं विचारून ठेवा.

### "म्हणजे रस्ते नकोतच?"

असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी भागातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर आधी रस्ताच लागतो. बसलाही रस्ताच लागतो. प्रश्न आहे तो पुढच्या रुपयाचा. असलेला रस्ता नीट ठेवायला, गावाजवळ भुयारी मार्ग आणि सर्व्हिस रोड करायला तो रुपया खर्च करायचा, की चार पदरीच्या शेजारी अजून एक चार पदरी टाकायला?

इथे अपघातांचा आकडा समोर ठेवावा लागतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या लांबीच्या फक्त 2 टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यू मात्र 36 टक्के त्यांच्यावर. यातली मोठी संख्या गाडीत बसलेल्यांची नाही, दुचाकीवाल्यांची आणि पायी चालणाऱ्यांची आहे. शेत रस्त्याच्या पलीकडे आणि घर अलीकडे, मधे दुभाजक. कट लांब असला की माणूस उलट्या बाजूने मोटारसायकल घालतो. त्याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. मात्र रस्ता आखणाऱ्याने त्याच्या शेताचा विचारच केलेला नसतो.

आणि कार आहे कोणाकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या शंभर घरांत आठ घरांकडेही कार नव्हती. बाकीचे बस, वडाप (शेअर जीप), दुचाकी आणि पायी. आपण मात्र 'विकास' मोजतो तो आठांच्या काचेतून.

### गुंठ्यांचा हिशेब

वडगाव, शहापूर, अनगोळ, मजगावच्या शिवारात बेळगाव बासमती पिकतो. ती काळी जमीन एकदा मुरुमाखाली गेली की परत मिळत नाही. म्हणून हा हिशेब जरा निवांत करू.

नव्या चार-सहा पदरी महामार्गासाठी साधारण 60 मीटर रुंदीचा पट्टा घेतात. एक किलोमीटर लांबीला म्हणजे 6 हेक्टर, जवळपास 15 एकर. गुंठ्यात सांगायचं तर सहाशेच्या आसपास. दुपदरी रेल्वेमार्गाला, भराव किंवा खोदाई फार नसेल तर, ढोबळमानाने त्याच्या निम्मी जमीन पुरते. आणि आधीपासून असलेल्या एकेरी रुळाशेजारी दुसरा रूळ टाकायचा तर बऱ्याच ठिकाणी रेल्वेची स्वतःचीच जागा असते. पुणे-मिरज-लोंढा दुपदरीकरण, एकूण 467 किलोमीटर, हे त्या प्रकारातलं काम. त्याच्यावर मोर्चे निघालेले कोणाला फारसे आठवणार नाहीत.

भूसंपादनाची नोटीस हातात पडली की गावात 'थ्री-ए झाली', 'थ्री-डी झाली' अशी भाषा सुरू होते. हे 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या कलमांचे आकडे. 3ए म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर झाला, हरकत घ्यायला त्यानंतर 21 दिवस मिळतात. 3डी निघाली की जमीन सरकारजमा. म्हणजे जे बोलायचं ते 3ए आणि 3डी यांच्या मधे, लेखी. नुकसानभरपाईला 2013 च्या भूसंपादन कायद्याचे नियम 2015 पासून लागू आहेत. पण 'या रस्त्याऐवजी दुसरं काही होऊ शकतं का' हा प्रश्न त्या प्रक्रियेत कुठेच येत नाही. रस्ता कुठून जाणार यावर हरकत घेता येते. रस्ताच का, रेल्वे का नाही, हे विचारायला रकाना नाही. धोरण बदलायचं तर तो रकाना आधी घालायला लागेल.

### "रेल्वेपण जमीन घेते, जंगल कापते"

घेते. आणि हा आक्षेप फालतू नाही.

बेळगावहून धारवाडला रेल्वेने जायचं तर लोंढ्याला वळसा घालून सुमारे 121 किलोमीटर होतात. कित्तूरमार्गे नवा रूळ टाकला तर 73. हा मार्ग मंजूर व्हायला बेळगावचे खासदार आणि त्या वेळचे रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचा पाठपुरावा होता. सप्टेंबर 2020 मध्ये ते कोविडने गेले. मार्ग कागदावर उत्तम. पण नंदीहळ्ळी, गर्लगुंजी भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण तो पिकाच्या जमिनीतून जातो. पडीक जमिनीतून न्या, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं त्यांचं ऐकून आखणी बदलणं हे रेल्वेविरोधी नाही. 'हिरवी' योजना आहे म्हणून शेतकऱ्याने गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची.

दुसरं उदाहरण घाटातलं. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे हा दूधसागरजवळून उतरणारा रूळ दुपदरी करायचा होता. गोव्यात मोठं आंदोलन झालं. तो रूळ प्रवाशांपेक्षा मुरगाव बंदरातून येणाऱ्या कोळशासाठी आहे, असा आरोप होता. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या टप्प्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. म्हणजे रेल्वे म्हटलं की ती आपोआप शाश्वत होत नाही. काय वाहून नेणार, कुठून नेणार, हे बघावंच लागतं. त्याच मापाने खानापूर ते गोवा सीमेपर्यंतच्या महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेली झाडंही मोजावीत.

### "भाजी आणि कास्टिंग रेल्वेने जाणार का?"

भाजी नाही जाणार. बेळगावची भाजी पहाटे गोव्यात पोहोचते ती चोर्ला नाहीतर अनमोड घाटातून, छोट्या टेम्पोने, थेट मडगाव-म्हापशाच्या बाजारात. तिथे रेल्वे काही कामाची नाही. ऊसही नाही. शेतातून कारखान्यापर्यंत दहा-वीस किलोमीटर, त्याला ट्रॅक्टर-ट्रॉलीच.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, मात्र विचार करण्यासारखं आहे. ते लांब जातं, जड असतं, नासत नाही. रेल्वेला हवा असा माल. तरी ते ट्रकने का जातं? कारण रेल्वेला लागते अख्खी मालगाडी, एका वेळी सुमारे अडीच हजार टन. आणि एका फाउंड्रीचा माल असतो दहा-वीस टन. छोटा माल गोळा करून डबे भरायची सोय, वेळेची हमी, आणि स्टेशनपासून दारापर्यंत नेणारा ट्रक, ही साखळी उभी केल्याशिवाय 45 टक्क्यांचं उद्दिष्ट भाषणातच राहणार. त्यात अजून एक गाठ आहे: प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवायला रेल्वे मालाचं भाडं चढं ठेवते, आणि चढं भाडं पाहून माल ट्रककडे जातो.

### "बस तोट्यात, वर बायकांना फुकट. कशाला पोसायची?"

हा आक्षेप चहाच्या टपरीवर सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा दुचाकीवरून आलेल्या माणसाकडून.

तोटा म्हणजे काय ते बघा. महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज तीन लाख कोटींच्या वर गेलं होतं. त्याला कोणी 'तोट्यातला रस्ता' म्हणत नाही, गुंतवणूक म्हणतात. बसमुळे जो अपघात टळला, जी मुलगी बारावीनंतर घरी बसली नाही, जो पार्किंगचा मजला बांधावा लागला नाही, ते महामंडळाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. रस्त्याचा फायदा मोजताना मात्र वाचलेली मिनिटं, वाचलेलं डिझेल, सगळं धरतात.

कर्नाटकाची शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली. राज्यातल्या रहिवासी बायकांनी ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो, आणि त्या तिकिटाची रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आपल्याकडे परिणाम काय झाला, हे खानापूरच्या सकाळच्या बसमध्ये दिसतं. बाजाराच्या पाट्या, दवाखान्याच्या फायली, कॉलेजची दप्तरं, आणि फुटबोर्डवर लोंबकळणारी पोरं. गर्दी वाढली, बस तेवढ्या वाढल्या नाहीत. सरकारकडून यायची रक्कम थकल्याच्या बातम्याही येतात. म्हणजे तिकीट फुकट करणं हा धोरणाचा सोपा अर्धा भाग झाला. बस, ड्रायव्हर आणि वेळापत्रक वाढवणं हा अवघड अर्धा भाग राहिला. तिकडे पैसा लावायचा असेल तर तो हुबळीच्या ऑफिसने एकट्याने कुठून आणायचा?

जाता जाता एक. बसवरचा फलक कुठल्या भाषेत असावा यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय, आणि भांडण रास्तही आहे. पण खेड्याच्या थांब्यावर बस किती वाजता येणार, हे सांगणारा बोर्ड कुठल्याच भाषेत सापडत नाही.

### "इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न मिटेल"

धूर कमी होईल, तेही पूर्ण नाही, कारण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. जागा मात्र तेवढीच लागणार. इलेक्ट्रिक कार खडेबाजारात डिझेल कारएवढीच जागा अडवते.

### हुबळी-धारवाडची चिगरी

शेजारीच एक प्रयोग झालाय, तो सोडून पुढे जाता येणार नाही. हुबळी ते धारवाड सुमारे 22 किलोमीटर, रस्त्याच्या मध्यभागी फक्त बससाठी राखीव लेन, उंच फलाट, दार थेट फलाटाला लागणारं, आत एसी. बसचं नाव चिगरी. फेब्रुवारी 2020 मध्ये रीतसर उद्घाटन झालं. पहिल्यांदा बसलेला माणूस खूश व्हायचा. विमानतळावर आल्यासारखं वाटायचं.

पुढे तक्रारी सुरू झाल्या. बस जुन्या होत गेल्या, बिघडू लागल्या, फलाटावर गर्दी वाढली. राखीव लेनच्या बाजूला अडकलेले गाडीवाले चिडले. मुख्य म्हणजे मधल्या फलाटापासून घरापर्यंत पोहोचवणारी छोटी बस पुरेशी नव्हती. यावरून अनेकजण म्हणतात, बसचा मार्गच फसला. मी उलटं म्हणेन. बांधकामाला पैसे मिळाले ते चांगलं झालं. नंतर बस बदलायला, दुरुस्तीला, जोड-बस चालवायला मिळाले नाहीत ते वाईट. पुन्हा तेच: बांधायला आहे, चालवायला नाही. बेळगावात उद्या ई-बस आल्या तर दहाव्या वर्षी त्यांच्या बॅटऱ्यांचं काय, हे पहिल्याच वर्षी विचारलं पाहिजे.

### आपला खास प्रश्न: सीमा

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे. बाकी देशापेक्षा सीमाभागाला हे धोरण जास्त का टोचतं?

हायवे केंद्राचा, रेल्वे केंद्राची. दोन्ही कोगनोळीला, म्हणजे राज्याच्या सीमेवर, अडत नाहीत. बस मात्र राज्याची. ती दुसऱ्या राज्यात जाते ती दोन राज्यांच्या करारावर: कुठल्या मार्गावर, किती फेऱ्या, कोणाच्या किती बस. फेरी वाढवायची तर दोन्हीकडे मान्यता. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न तापला, बस थांबल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टरच्या मारहाणीवरून वाद पेटला, परत थांबल्या. त्या दिवसांत ज्याच्याकडे स्वतःची गाडी तो गेला. चंदगडहून शिनोळीमार्गे बेळगावच्या दवाखान्यात येणारा पेशंट मात्र नाक्यावर उतरून पायी पलीकडे, मग दुसरी बस. तिकिटाचीही तीच तऱ्हा. जानेवारी 2025 या एकाच महिन्यात कर्नाटकाने बसभाडं 15 टक्के वाढवलं आणि महाराष्ट्राने 14.95 टक्के, आणि कोल्हापूरला जाणाऱ्याला दोन्ही वाढी लागल्या. सवलती मात्र जोडल्या जात नाहीत.

रेल्वेने जावं तर बेळगाव-कोल्हापूर थेट रूळ नाही. मिरजेला वळसा, सुमारे 186 किलोमीटर. रस्त्याने 110. निपाणी-संकेश्वरमार्गे रुळाची मागणी जुनी आहे, पण दोन राज्यांच्या कडेला पडलेल्या मागणीला जोर लावणारं कोणी एक राज्य नसतं.

यावर बाहेर उपाय केलेले आहेत. जर्मनीत मे 2023 पासून एकच मासिक पास निघाला. कुठल्याही राज्यातल्या शहरी बसपासून प्रादेशिक रेल्वेपर्यंत तो चालतो. सुरुवातीला 49 युरो, 2025 मध्ये 58. तिकीट स्वस्त केल्याने जी तूट येते ती केंद्राने आणि राज्यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली. राज्यांची भांडणं तिथेही होतात, फक्त ती पैशाच्या वाटणीवरून होतात, प्रवाशाला उतरवून नाही.

आणि आपल्याच देशात दिल्ली-मेरठ नमो भारत आहे. 82 किलोमीटरचा हा मार्ग, पहिला टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. तो बांधायला आणि चालवायला वेगळी कंपनी काढली, तिच्यात केंद्राचा वाटा 50 टक्के, आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान यांचा प्रत्येकी साडेबारा. म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांतून जाणारी सार्वजनिक वाहतूक केंद्राने भागीदार होऊन चालवायची, याला आपल्याकडे आधार आहे. शिवाय ज्या 1950 च्या कायद्यावर एसटी महामंडळं उभी आहेत, त्यातच केंद्र आणि राज्य दोघांनी भांडवल द्यायची तरतूद आहे.

कोल्हापूर-निपाणी-बेळगाव आणि चंदगड-बेळगाव-खानापूर या पट्ट्यासाठी असंच एक मंडळ मागता येईल. मेट्रो नको, नमो भारत नको. दोन-तीनशे बस, दोन्ही राज्यांत चालणारं एक तिकीट, किलोमीटरमागे केंद्राचे ठरलेले पैसे, आणि तणावाच्या दिवशीही फेरी बंद करता येणार नाही असं कलम. केंद्र 50, दोन राज्यं 25-25. मागणी कोणाकडे द्यायची, तर इथे एक गंमत आहे. निपाणी चिकोडी लोकसभा मतदारसंघात, बेळगाव बेळगावात, खानापूर उत्तर कन्नडमध्ये आणि चंदगड कोल्हापुरात. एका बसमार्गाला चार खासदार लागतात. चौघांनाही एकच कागद द्यावा, आणि वर तारीख टाकून पोच घ्यावी.